खरी नक्कल

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्याकडच्या उन्हाला एक आंबूसगोड वास येतो, आणि त्या वासातच एखाद्या दुपारी पलीकडच्या डोंगरातून बेंजोचा पहिला सूर येतो. सूर म्हणायचं आपलं. खरं तर आधी भोंग्याची खरखर येते, मग कुणाचं तरी 'हॅलो, चेक, चेक', मग कानात काडी घातल्यासारखी एक लांबलचक शिट्टी, आणि या सगळ्यांची हजेरी लागल्यावर बेंजो. शिमगा झालेला असतो. वीटभट्टीवर, रेतीवर, भिवंडी-वसईकडे गेलेली माणसं परतलेली असतात. लगीनसराई लागली हे सांगायला आमच्या पाड्यात कुणी कॅलेंडर उघडत नाही.

मी मोखाड्याला कचेरीत लिपिक आहे. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहते आणि शनिवारी जीपमध्ये अंग चोरून बसून पोशेऱ्याच्या पुढं आमच्या पाड्यावर, दादाच्या घरी जाते. परवा अशीच उतरले. ओहळ कोरडा पडलाय, त्यातले दगड चपलेखाली तापले होते. मधोमध पोचले आणि खालच्या अंगाच्या पाड्यातून गाणं ऐकू आलं. मी तिथंच उभी राहिले. गाणं ओळखीचं होतं. त्यातलं ते मधलं वळण तर फारच ओळखीचं होतं. पण हात ओळखीचा नव्हता. दादाचा हात मला झोपेतही कळतो. हा दुसराच कुणी होता. डोक्यावर ऊन, हातात भाजीची पिशवी, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र मनीच्या लग्नाचा तो उन्हाळा उभा राहिला.

मनी म्हणजे मनीषा, दादाची मुलगी. आणि दादा म्हणजे माझा थोरला भाऊ काशिनाथ, बेंजो पार्टीचा काशा. मनी जन्मायच्या आधीपासून तो बेंजो वाजवतो. भात लावणी, कापणी, मग मजुरीची वणवण, आणि शिमग्यापासून पाऊस येईपर्यंत बेंजो. त्याच्या वर्षाला चार हंगाम. त्यातला हा शेवटचाच त्याला आवडायचा, बाकीचे तो नाइलाजानं काढायचा.

बेंजो म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगताना माझी पंचाईत होते. तारा आहेत, पण सतारीसारखा तो छातीशी धरत नाहीत. बटणं आहेत, पण पेटीसारखा भाता नाही. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा कचेरीच्या कोपऱ्यात जुनं टंकलेखन यंत्र धूळ खात पडलं होतं. ते पाहून पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, दादाचा बेंजो!" दादाच्या बेंजोचं एक बटण तुटलं तेव्हा त्यानं तिथं सदऱ्याचं बटण चिकटवलं. बटणाच्या जागी बटणच लावलं, काय चुकलं, असं त्याचं म्हणणं.

बेंजो पार्टीचं स्वतःचं असं एकही गाणं नसतं. सिनेमातली गाणी, गौरीची गाणी, देवाची गाणी, कुणा दुसऱ्या पार्टीनं गाजवलेल्या चाली. सगळा उसनवारीचा संसार. जव्हारला एकदा कसल्याशा महोत्सवात दादाची पार्टी एका बाजूला वाजवत होती. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक शहरी गृहस्थ आले आणि म्हणाले, "हे नको हो. काहीतरी अस्सल दाखवा. तो भोपळ्याचा तारपा नाही का?" दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तारपा आहा ना साहेब. पन तारपेवाला जेवाय गेला." आमच्या बोलीत 'आहे'चं 'आहा' होतं. गृहस्थांना वाटलं, तारप्याच्या नुसत्या नावानंच हा माणूस हरखलाय. त्यांनी दादाचा फोटो काढला, बेंजो दिसणार नाही असा.

पण एक गाणं मात्र आमच्या खोऱ्यात 'काशाचं गाणं' म्हणून ओळखलं जायचं. तेही मुळात हिंदी सिनेमातलंच. तो सिनेमा आम्ही तेव्हा पाहिला नव्हता, अजूनही पाहिलेला नाही. दादा तरुणपणी भिवंडीला गोडाऊनवर हमालीला गेला होता, तिथून त्या गाण्याची कॅसेट घेऊन आला. पाड्यात टेप एकच, आणि तो टेप कायम भुकेला. पहिल्याच दुपारी, ते गाणं एकदाही पुरतं ऐकायच्या आत, त्यानं रीळ खाल्ली. दादानं चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापून टाकला, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं सांधली, मी पेन्सिल घालून रीळ गुंडाळली, आणि आम्ही श्वास रोखून बटण दाबलं. कॅसेट वाजली. पण कडव्याच्या मधोमध आल्यावर गाणं धाडकन उडी मारायचं. कॅसेटमधली बाई एक ओळ अर्ध्यावर टाकायची आणि थेट भलत्याच ओळीत जाऊन उभी राहायची.

कानाला अशी उडी चालून जाते, पायांना चालत नाही. नाचणाऱ्याचा पाय वर असताना गाणं पळालं तर तो पाय टेकायचा कुठं? दादानं बरेच दिवस त्या खड्ड्याशी झटापट केली. त्याच दिवसांत शेजारच्या मांडवात हिरूकाकी हळदीचं गाणं म्हणत होती. हिरूकाकी आमच्याकडची धवलेरी. आमच्यात लग्न लावायला भटजी येत नाही, धवलेरी येते आणि गाऊन लग्न लावते. तिचा आवाज उतारावरून पाणी यावं तसा कुडाच्या भिंतीतून घरात यायचा. दादाची बोटं त्या खड्ड्यापाशी आली आणि आपोआप काकीच्या चालीवर गेली. दोन फेरे तिथं फिरली आणि तिथून पुढच्या ओळीवर अलगद उतरली. खड्डा बुजला. त्या जागेला दादा 'सांधा' म्हणायचा.

मग लग्नांत ते गाणं वाजायला लागलं, आणि गोलात नाचणाऱ्या माणसांनी त्या सांध्याचं स्वतःचं काहीतरी करून टाकलं. एकमेकांच्या कंबरेला हात घालून गोल एका दिशेनं फिरत असतो. सांधा आला की सगळे थबकायचे, एकदा पाय आपटायचे आणि उलट दिशेनं फिरायला लागायचे. हे कुणी ठरवलं, कुणी शिकवलं, कुणालाच ठाऊक नाही. धुळीत एकदम एवढे पाय आपटले की तो आवाज पोटात जाणवायचा. मनी चालायला शिकली ती याच गोलात. तिला सांधा आधी कळला, मग उजवं-डावं.

माझं कचेरीतलं काम नकलांचं. जमिनीचा जुना कागद कुणाला हवा असेल तर तो शोधायचा, त्याची नक्कल करायची आणि खाली शिक्का मारायचा, 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल'. नवीन आलेल्या पोरापोरींना या शब्दांचं हसू येतं. नक्कल आणि परत खरी? मी त्यांना पहिला धडा देते तो असा, की अस्सल कागदात नाव चुकलेलं असेल तर नकलेतही ते चुकलेलंच उतरवायचं. शहाणपणा करून दुरुस्त केलंत तर नक्कल खोटी. हा नियम मी कित्येक वर्षं पोपटासारखा सांगत आलेय. त्याचा अर्थ मला कळला तो कचेरीत नाही, मनीच्या हळदीला.

मनी कॉलेजला जव्हारला होती, वसतिगृहात. तिथं एका संध्याकाळी मुलींनी मोबाइलवर तेच गाणं लावलं. मनी आनंदानं उठली आणि मोठ्यानं गायला लागली. आमचं गाणं! सांधा आला. मोबाइलमधली बाई सरळ पुढं गेली आणि मनी एकटीच हळदीच्या चालीत गरगर फिरत राहिली. मुली हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं म्हणे, पण ते वय असं असतं की माणूस हसण्याची प्रत बघत नाही. मनीनं ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. प्रत्येक वेळी बाई सरळ पुढं गेली. आपला बाप आपल्या जन्माआधीपासून खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात एक गाणं चुकीचं वाजवतोय, हे तिला त्या दिवशी कळलं.

लग्न ठरलं ते वांगणीकडच्या मुलाशी. मुलगा चांगला, माणसं चांगली, सगळं जुळलं. आणि एका रविवारी ओट्यावर बसून मोह निवडताना मनी म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला डीजे आणू." दादा म्हणाला, "आनू ना. बेंजो आन डीजे, दोनी." मनीनं मान खाली घातली. "बेंजो नको बाबा. तिकडची शिकलेली माणसं येतील. माझ्या मैत्रिणी येतील. निदान माझ्या लग्नात तरी खरं गाणं वाजू दे."

वहिनीच्या हातातलं सूप थांबलं. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. म्हटलं, मनी, मोबाइलवर तूच ऐकतेस ना एकाचं गाणं दुसऱ्यानं म्हटलेलं? ती म्हणाली, "ते कव्हर असतं आत्या. कव्हर वेगळं. ते मुद्दाम बदलतात. बाबांचं मुद्दाम नाही, चुकून आहे." पोरीचं म्हणणं खोडून काढणं सोपं नव्हतं. पुस्तकाला घालतात त्यापलीकडचं कव्हर मला ठाऊकच नव्हतं. दादा एवढंच म्हणाला, "म्हंजे मी खाकी कव्हर घालनारा. आतला पुस्तक दुसऱ्याचा, आन त्याचाबी पान फाटलेला." आणि हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेंजो खतांच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून माळ्यावर गेला. पार्टीतल्या ढोलवाल्याला दादानं सांगून टाकलं की लग्न उरकलं की हा बेंजो खोडाळ्याकडच्या कुणाला देऊन टाकीन, आता बोटं चालत नाहीत. बोटं चांगली चालत होती. मला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. मनीचा म्हणावा तर ती खोटं काय बोलली होती? आणि खरं बोलणाऱ्यावर रागवायचं तर कचेरीतला शिक्का खाली ठेवून यायला हवं.

आमच्या पाड्यात नेटवर्क येतं ते फक्त वरच्या खडकावर. त्या रविवारनंतरच्या शनिवारी दादा म्हणाला, "बाय, तुझे मोबाइलवर तो गाना आयकव माना." 'माना' म्हणजे मला. आम्ही दोघं खडकावर जाऊन बसलो. खाली करवंदीच्या जाळ्या, समोर डोंगरांच्या रांगा उन्हानं फिकट झालेल्या. मी गाणं लावलं. दादानं मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले. सांध्याची जागा आली. बाईनं ती ओळ पूर्ण म्हटली, जी आमच्या टेपनं खाल्ली होती. दादानं तिची हरवलेली ओळ जन्मात पहिल्यांदा ऐकली. "परत लाव," म्हणाला. मी परत लावलं. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "चांगला आहा. आमचेपेक्षा चांगला आहा." मग मोबाइल माझ्या हातात देत, "मंग मी येवढी वरसा काय वाजवला, बाय?"

मला रडू आलं. नोकरी करणाऱ्या बहिणीकडून भावाला निदान एक वाक्य मिळायला हवं होतं. ते माझ्यापाशी नव्हतं.

त्यानंतर एक गंमत झाली. दादानं बेंजो माळ्यावरून उतरवला. वाजवायला नाही, शिकायला. दुपारी सगळे आडवे झाले की तो मोहाखाली बसायचा, भोंग्याची वायर न जोडता, नुसत्या तारांचा किणकिण आवाज करत. खरं गाणं बसवत होता. लग्नात वाजवायचं नव्हतंच, पण पोरीला खरं हवंय तर बापाला निदान यायला पाहिजे, असं त्याचं काहीतरी चाललं होतं. सांध्यापाशी आला की बोटं हटकून हळदीच्या चालीत शिरायची. तो डाव्या हातावर उजव्या हातानं चापट मारायचा. "बोटा आयकत नाय," म्हणायचा. वर मोहाच्या झाडावर पोपट कलकलत असायचे, खाली हा माणूस स्वतःच्या हाताला शिस्त लावत असायचा. मी लग्नासाठी रजा काढून आले होते; मला ते बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. हळदीच्या आदल्या दिवशी बोटांनी ऐकलं. दादा सांध्यावरून न अडखळता सरळ पुढं गेला. चेहरा मात्र दात काढून आलेल्या माणसासारखा झाला होता.

त्याच दिवसांत एकदा मी पाणी भरून येताना हिरूकाकीच्या ओट्यावर टेकले. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, काकी, तो सांधा म्हणजे तुझंच गाणं ना गं? दादानं तुझं घेतलं आणि त्या सिनेमातल्या गाण्यात घातलं. काकी तंबाखू मळत होती. म्हणाली, "माझा कशाला? माझे सासून माना दिला. तिला तिचे सासून. मी एक ओळ इसरली होती, तठं माझी घातली. तिनीबी तिची घातली असंल." मग हात झटकून म्हणाली, "गाना लगनाचा रं बाय. तोंड आपला." काकी बायकांनाही 'रं' म्हणायची.

हळदीचा दिवस उजाडला. उंबराच्या डहाळ्यांचा मांडव, शेणानं सारवलेलं अंगण, ओल्या हळदीचा वास, आणि त्या वासावर डिझेलचा वास, कारण डीजेचा जनरेटर मांडवाच्या मागंच ठेवला होता. डीजेवाला विक्रमगडकडचा, अंगानं बारीक, अदबशीर. त्यानं भिंतीएवढे स्पीकर लावले. ऊन कलल्यावर काकीनं हळदीची गाणी म्हटली, मनी पिवळी झाली, आणि मग डीजे सुरू झाला. वांगणीची माणसं, मनीच्या मैत्रिणी, आमचा अख्खा पाडा, सगळ्यांचा एक मोठा गोल झाला. मनीनं डीजेवाल्याला खूण केली. ते गाणं लागलं. खरं गाणं. आवाज असा की मांडवाची पानं हलत होती.

गोल रंगात आला. पाय बसले. आणि सांधा आला, म्हणजे यायला हवा होता. आमच्या पाड्याचे सगळे पाय थबकले, आपटले आणि उलटे वळले. पाहुण्यांचे पाय सरळ गेले. निम्मा गोल इकडं, निम्मा तिकडं. ढोलवाल्याची बायको मुलाकडच्या एका मास्तरांवर जाऊन आदळली, मास्तर वरमाईवर, आणि वरमाई हळदीच्या परातीत. गाणं मात्र आपल्या तोऱ्यात पुढं चाललेलं. मग वरमाईच हसायला लागल्या, आणि मग काय, हशाच हशा. एक म्हातारी मात्र रागानं डीजेवाल्याकडे हात करून ओरडली, "अरं, तुझा गाना मोडलेला आहा! मधला तुकडा कठं गेला?"

डीजेवाला बिचारा घाबरून स्क्रीन बघायला लागला. आणि मांडवात बसलेली मनी, तोंडभर हळद, त्या म्हातारीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. वसतिगृहात ती एकटी चुकली होती. इथं खरं गाणंच एकटं पडलं होतं.

ती उठली. हळद लागलेली नवरी उठत नाही, पण उठली. "बाबा," मोठ्यानं म्हणाली, "बेंजो काढा!"

दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. तो हलेना. वहिनीनं बेंजो आणून त्याच्या हातात कोंबला. डीजेवाल्यानंच पुढं होऊन आपल्या स्पीकरची वायर काढून दिली. दादा बसला, पट्टी बोटांत धरली, तारा एकदा झणकारल्या. ओळखीचा आवाज आला तशी माणसं शिट्ट्या मारत परत गोलात शिरली. पाहुण्यांना आमच्या पोरींनी मधे मधे घेतलं. गाणं सुरू झालं. मी देवाचा धावा करत होते, कारण त्याच्या डोक्यात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. आणि झालं तेच. सांधा आला, आणि शहाण्या माणसानं पोरीसाठी शिकलेलं खरं गाणं वाजवलं. सरळ पुढं गेला! गोल पुन्हा मोडला. या वेळी तर दोघं-तिघं खालीच बसले.

मनीनं कपाळावर हात मारला. हळद हाताला, हाताची कपाळाला. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून हळदीतून पाण्याच्या रेघा खाली येत होत्या. "बाबा, तो नको!" ती ओरडली, आणि तिची शिकलेली भाषा तोंडातून कधी गळून पडली ते तिलाही कळलं नाही. "आपला वाजवा! चुकीचा वाजवा!"

दादानं तिच्याकडे बघितलं. मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, जसं काही त्याची परवानगी मागतोय. काकीनं मांडवातून बसल्या जागी हळदीची चाल लावली, आणि बोटं तिच्यामागं गेली. सांधा आला. अख्खं अंगण थबकलं, पाय आपटले, धूळ उडाली, गोल उलटा फिरला. पाहुणेही फिरले. वरमाई हळदीच्या साडीनिशी फिरल्या. मला तेव्हा कळलं, की खाल्लेल्या रिळीचा तुकडा दादानं बेंजोवर नाही, एवढ्या माणसांच्या पायांत सांधला होता. आता तो काढायचा म्हटलं तर पाय काढावे लागतील.

रात्र व्हायच्या आत मी दादाजवळ गेले. माझ्याकडे ते वाक्य आलं होतं, जे खडकावर सुचलं नव्हतं. म्हटलं, दादा, तू कॅसेटची नक्कल केलीस. कॅसेट तुटकी होती, तू तुटकी वाजवलीस. कचेरीत याला खरी नक्कल म्हणतात. तो घाम पुसत म्हणाला, "मंग शिक्का मार." मी हळदीत अंगठा बुडवला आणि बेंजोवर, सदऱ्याच्या बटणाशेजारी, उमटवला. तो डाग अजून आहे. बेंजो खोडाळ्याला गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मनी आता वांगणीला असते. आरोग्य केंद्रात काम करते, फोनवर बोलताना मधेच रस्त्याला शिव्या देते. त्या हळदीचं चित्रीकरण कुणीतरी मोबाइलवर केलं होतं. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जात जात ते कुठं कुठं पोचलं. वर कुणी लिहिलं होतं, 'ओरिजिनल गाणं, पूर्ण'. मनीनं ते मला पाठवलं आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. ज्या बाईनं ते सिनेमात म्हटलं, ज्यानं ते बांधलं, त्यांच्यापर्यंत ते पोचलं तर त्यांना काय वाटेल, असा विचार माझ्या मनात येतो. रागावतील का? रागावले तर त्यांचंही बरोबर आहे. पण एकदा तरी त्यांनी आमच्या गोलात यावं. एवढे पाय एकदम आपटतात तेव्हा रागाला उभं राहायला जागा मिळत नाही.

तर परवा ओहळात उभी राहून मी ऐकत होते तो अनोळखी हात. घरी पोचले तर दादा आधीच ओट्यावर कान देऊन बसला होता. केस आता पुरते पांढरे झालेत. "कोनतरी खालचे पाड्यातली पार्टी आहा," म्हणाला. "सांध्यात ओढ जास्ती घेतो. चुकतो." पुन्हा ऐकलं. "पन बरा चुकतो."

संध्याकाळच्या आत त्या खालच्या लग्नाची वरात आमच्याच पाड्यातून वर जाणार होती. पिकअपवर भोंगे, भोंग्यांवर झिरमिळ्या. मोहाखाली पाणी प्यायला थांबली. वहिनीनं हंडा आणून ठेवला. बेंजोवाला तरुण होता, मिसरूड नीट कोरलेलं, बेंजो नवाकोरा, बटणांखाली लाल-निळे दिवे लागणारा. दादा पिकअपला प्रदक्षिणा घालून त्याच्याजवळ गेला. मी मागोमाग. दादानं अगदी सहज विचारलं, "काय रं, मघाशी वाजवला तो गाना कोनाचा?"

"आमचाच आहा, बाबा," तो म्हणाला. "जुना आहा. वाडवडलांचा."

दादा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लकाकत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आयकलास का बाय? मी जित्तेपनीच वाडवडील झालो."

मी तोंड उघडणार होते. त्यानं माझा दंड दाबला. सांगू नको. बेंजो पुन्हा सुरू झाला, वरातीतल्या माणसांनी मोहाखालीच गोल धरला, आणि माझा भाऊ चपला काढून त्यात शिरला. मग माझ्या लक्षात आलं, की जन्मभर तो बसून वाजवत आलाय. या गोलात तो कधी नाचलेलाच नाही.

सांधा आला. पोरानं ओढ जास्ती घेतली. सगळा गोल थबकून, पाय आपटून उलट फिरला, आणि दादा सरळ पुढं जाऊन एका मुलीवर आदळला. लग्नातलीच कुणी होती, केसांत अबोलीचा गजरा माळलेली. ती हसली, त्याचा हात धरून त्याला फिरवलं आणि भोंग्याच्या वरताण ओरडून म्हणाली, "बाबा, हठं उलटा फिरायचा असतो!"

"असा कं?" दादा म्हणाला. "शिकव माना."